गोव्यातल्या जुन्या घराचं वीजबिल, उष्मा आणि ओल : कंत्राटदार निवडण्यापासून देखरेखीपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंती, मंगळुरी कौलं, मध्ये राजांगण (आतला उघडा चौक), पुढे सोपा किंवा बाल्कांव (दारापुढची बसायची जागा). अशी घरं फोंड्यात, डिचोलीत, पेडण्यात, सासष्टीत अजून राहती आहेत. त्यांत राहणारी माणसं आता वाढता उष्मा, वाढतं बिल आणि दर पावसाळ्यातली ओल यांवर उपाय शोधू लागली आहेत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच पैसे वाया जातात आणि घराचं नुकसान होतं.

बिल कमी करायचं आहे. आधी सोलर बसवू की जुना एसी बदलू?

दोन्ही नंतर. आधी घर कोरडं करा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंतीत मुरलेलं पाणी दोन प्रकारे त्रास देतं. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता आत सोडते, आणि खोलीतली हवा दमट झाली की घाम सुकत नाही, त्यामुळे तेवढ्याच तापमानाला जास्त उकडतं. मग पंखा पाचावर जातो आणि एसी रात्रभर चालतो. म्हणजे गळकं कौल आणि तुंबलेलं पन्हळ यांचाही वीजबिलाशी थेट संबंध आहे.

कामांचा क्रम असा धरा: छप्पर आणि पाण्याचा निचरा, मग भिंतीचा गिलावा, मग वारा खेळण्याच्या जागा मोकळ्या करणं, मग वायरिंग, पंखे, दिवे, आणि शेवटी सोलर व एसी. पंख्यांचं मात्र लगेच करता येईल. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. मोठ्या घरात असे सहा पंखे असतील तर ८० युनिट होतात, आणि त्यासाठी भिंतीला हात लावावा लागत नाही.

आमचं घर कुठल्याही वारसा यादीत नाही. मग एवढी काळजी का घ्यायची?

कारण चिरा, चुना आणि लाकूड यांना यादीशी देणंघेणं नाही. यादीत नसलेल्या घरावरही सिमेंटचा जाड थर दिला की भिंत तितकीच ओल धरते.

परवानगी कुणाची लागते?

गावात पंचायतीची, शहरात नगरपालिकेची, पणजीत महापालिकेची. फुटकी कौलं बदलणं आणि छपराचा आकार बदलणं यांत फार फरक आहे. म्हणून काय करणार आहात ते अर्जात स्पष्ट लिहा आणि उत्तर लेखी घ्या. 'दुरुस्ती' असं मोघम लिहून काम सुरू केलं की शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर ते थांबतं, आणि छप्पर उघडं असताना थांबलेलं काम सगळ्यात महाग पडतं.

घर संवर्धन क्षेत्रात असेल, जसं पणजीचं फोंताइन्हास, तर दर्शनी बाजूचे बदल नगर नियोजनाच्या नियमांतल्या संवर्धन समितीपुढे जातात. सोलर पॅनल आणि एसीचं बाहेरचं युनिटही दर्शनी बाजूला येत असेल तर आधी विचारा. घर केंद्रीय संरक्षित स्मारकाजवळ असेल, म्हणजे जुने गोवे इथली चर्चं, फोंड्याची साफा मशीद, तांबडी सुर्लचं महादेव मंदिर, तर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यावी लागते.

आणखी एक परवानगी लोक विसरतात, ती म्हणजे घरच्यांची. गोव्यात बरीच घरं अजून आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर आहेत, इन्व्हेन्तार (वारसांतली कायदेशीर वाटणी) झालेलं नाही, वाटेकरी मुंबईत, पुण्यात, लिस्बनमध्ये. काम सुरू करण्याआधी सगळ्या वाटेकऱ्यांकडून संमतिपत्र घ्या आणि खर्च कोण किती देणार तेही त्यात लिहा. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे जमतात तेव्हाच हे बोलून घेतलेलं बरं.

एकच कंत्राटदार पाहावा की सुतार, गवंडी, वायरमन वेगवेगळे?

दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो, पण त्याला देखरेख करणारं माणूस लागतं. छपराचं काम जाणणारा सुतार आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी हे दोघे आजच्या नेहमीच्या बांधकाम कंत्राटदाराच्या टोळीत क्वचितच असतात. सगळं एकाला दिलं तर तो ही दोन कामं पुढे दुसऱ्याला देतो, आणि ती कुणाला दिली हे तुम्हाला काम चालू झाल्यावर कळतं. एकालाच द्यायचं असेल तर सुताराचं आणि गवंड्याचं नाव करारात घाला. तीच माणसं येणार, बदलली तर आधी सांगणार.

घर मोठं असेल, माडी असेल किंवा तुळया वाकलेल्या असतील, तर संवर्धनाचा अनुभव असलेला आर्किटेक्ट किंवा इंजिनियर घ्या. त्याची फी कंत्राटदाराच्या बिलातून जाता कामा नये, ती तुम्हीच द्यायची. पाहणारा आणि करणारा यांचे पैसे एकाच खिशातून आले की पाहणं संपतं.

चांगला माणूस ओळखायचा कसा?

मोबाइलवरचे फोटो पाहून नाही. त्याने निदान दोन पावसाळ्यांपूर्वी केलेलं घर पाहायला जा. गिलावा केल्याच्या महिन्यात सगळ्यांचाच छान दिसतो. दोन पावसाळे झालेल्या घरी भिंतीच्या पायथ्याशी हात लावून पाहा: पांढरी भुकटी येते का, रंगाला फुगे आलेत का. वर पाहा: आढ्याजवळ काळे डाग आहेत का. आणि त्या घरच्या माणसाला एवढंच विचारा, की पैसे दिल्यानंतर बोलावलं तेव्हा तो आला का?

मग त्याला तुमच्या घरी आणा आणि बोलू द्या. तुम्ही आधी काही सुचवू नका. चांगला सुतार तुमच्याशी बोलण्याआधी माळ्यावर चढतो. वासे भिंतीवर जिथे टेकतात तिथे तो पेचकस टोचून पाहतो, कारण लाकूड तिथूनच कुजतं. चांगला गवंडी ओलीचं कारण शोधत घराबाहेर जातो, अंगणाचा उतार पाहतो, पन्हळीचं पाणी कुठे पडतं ते विचारतो. जो दारातूनच 'सगळं काढून टाकू, लोखंडी सांगाडा आणि पत्रा घालू, वर कौलं ठेवू' असं म्हणतो त्याला चहा द्या आणि जाऊ द्या. वाळवीने छप्पर पार संपलेलं असेल तर हाच उपाय उरतो, हे मान्य आहे. पण न तपासता तो पहिला उपाय असू शकत नाही.

चुन्याबद्दल थेट विचारा: चुना कुठून आणणार, किती दिवस भिजवणार, रेतीचं प्रमाण काय, गिलाव्यावर पाणी किती दिवस मारणार? 'चुन्यात थोडं सिमेंट टाकलं की घट्ट होतं' असं उत्तर आलं तर त्याने सिमेंटचंच काम केलेलं आहे.

तीन कोटेशन घेतली, तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. असं का?

तिघांनी तीन वेगळी कामं धरली आहेत म्हणून. आधी कामाची यादी तुम्ही करा, किंवा आर्किटेक्टकडून करून घ्या, आणि तिघांना तीच द्या. जुन्या छपराचं काम ठोक रकमेवर देऊ नका. कौलं उतरवल्याशिवाय किती वासे कुजलेत हे कुणालाच कळत नाही. ठोक घेणारा एकतर भीतीपोटी रक्कम फुगवतो, नाहीतर कुजका वासा तसाच ठेवून वर कौलं चढवतो. दर ठरवा: वाशाचा प्रति फूट, रिपांचा (कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्यांचा) आणि कौलांचा प्रति चौरस मीटर, आणि बदललेलं लाकूड कुठलं ते नावानिशी. साग, किंदळ, मत्ती यांच्या किमतीत बराच फरक आहे.

मोजमापाची पद्धतही लिहा. पाख्याचं (छपराच्या उतरत्या बाजूचं) क्षेत्रफळ उतारावर मोजायचं की जमिनीवरच्या लांबी-रुंदीवर? दोन्हींत मोठं अंतर पडतं आणि बिलाच्या वेळी भांडण याच्यावरूनच होतं. जीएसटी दरात धरला आहे की वेगळा, तेही लिहून घ्या. आधी न दिसलेल्या अडचणींसाठी एकूण अंदाजाच्या पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला ठेवा. जुन्या घरात ती लागतेच असं धरून चाला.

करारात नेमकं काय असावं?

स्टँप पेपरवर चार पानं पुरतात. कामाची यादी, दर, मुदत, आणि हप्ते कामाच्या टप्प्याला बांधलेले, तारखेला नाहीत. आगाऊ रक्कम दहा टक्क्यांच्या वर देऊ नये असं माझं मत आहे. माल लागणार असेल तर माल तुम्ही घेऊन द्या. दहा टक्के रक्कम राखून ठेवा आणि ती एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, ऑक्टोबरात द्या. प्रामाणिक कंत्राटदार याला नाही म्हणत नाही, पण हे पहिल्याच बैठकीत बोला, शेवटच्या बिलाला नव्हे.

काढलेल्या मालाची मालकी लिहा. जुनी सागाची फळी, काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडकीची चौकट, पितळी कडी, अखंड कौलं, हे सगळं तुमचं आहे आणि तुमच्याच आवारात राहील. ही एक ओळ नसल्यामुळे कितीतरी घरांतलं जुनं सामान डेब्रिजच्या टेंपोतून गेलं आहे. काम सुरू होण्याआधी प्रत्येक खोलीचे आणि प्रत्येक खिडकीचे फोटो काढून दोघांनी सही केलेली प्रत ठेवा.

मजुरांचा विमा, छपरावर चढणाऱ्यांना सेफ्टी बेल्ट आणि नीट बांधलेली परांची, हेही करारात आणा. कुजक्या वाशावरून माणूस पडतो तेव्हा कुणाची जबाबदारी हा प्रश्न त्या दिवशी सोडवायचा नसतो.

कौलांखाली इन्सुलेशन घालावं का? कोणतं?

गोव्यातल्या जुन्या घरात उष्मा सगळ्यात जास्त वरून येतो. दुपारी कौल तापतं आणि संध्याकाळपर्यंत खाली उष्णता फेकत राहतं. भिंती जाड आणि सावलीत असतात, त्या दिवसभर थंड असतात. म्हणून पैसे छपरावर खर्च करणं योग्यच, पण कसे हे महत्त्वाचं.

तुमच्या घरात फळ्यांचं छत असेल तर अर्धं काम पूर्वजांनी करून ठेवलं आहे. फळ्यांमधल्या भेगा बुजवा, माळ्याच्या दोन्ही टोकांच्या झरोक्यांतली घरटी आणि जाळी साफ करा म्हणजे तापलेली हवा बाहेर जाईल. छत नसेल आणि कौलं तशीही उतरवायची असतील, तर वाशांवर परावर्तक शीट टाकून घेता येईल. ती बाष्प आरपार जाऊ देणारी हवी. तिच्यावर वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा, मग कौलं. उभ्या पट्ट्या गाळू देऊ नका. त्यांच्यामुळे शीट आणि कौलं यांच्यामध्ये किमान एका इंचाची पोकळी राहते. पागोळ्यांकडून वारा आत शिरतो, आढ्याकडून निघतो, आणि कौलातून ठिबकलेलं पाणीही त्याच वाटेने पन्हळीत जातं. मजूर वाचवायला रिपा थेट शीटवर ठोकल्या की पाणी प्रत्येक रिपेपाशी अडतं आणि रिपा कुजू लागते. शीटची चकचकीत बाजू खाली, खोलीकडे असली तर तिच्यावर धूळ बसत नाही आणि ती वर्षानुवर्षं काम करते.

कौलांच्या खालच्या अंगाला फवारून बसवायचा फोम मात्र घेऊ नका. विकणारे जोरात विकतात. फोम लागला की कौलं एकमेकांना चिकटतात, दरवर्षी पावसाआधी कौलं परतणं (उतरवून पुन्हा नीट रचणं) बंद होतं, गळती कुठून होते ते दिसत नाही, आणि वाशांना वाळवी लागली तरी ती फोमच्या आड राहते. कौलारू छपराचं मोठेपण हेच, की एक कौल फुटलं तर एकच बदलता येतं. ते घालवणारी कोणतीही वस्तू छपरावर नको.

साधं प्लॅस्टिकही नको. आतली दमट हवा त्याखाली घाम धरते.

खोट्या छताचा विचार असेल तर चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) आठवा. ती ज्या तुळईला किंवा कड्यांना टांगता ती जागा जिप्समच्या छताआड गेली तर पहिल्याच वर्षी कुणीतरी छताला भोक पाडणार. पूजेच्या खोलीत छत करायचंच तर फळ्यांचं करा आणि कड्या तुळईतूनच खाली घ्या.

जुनी कौलं ठेवू की नवी घेऊ?

वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठेवा. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू केला, आणि पुढे त्याच किनाऱ्यावर अनेक कारखाने निघाले. प्रत्येकाच्या साच्यात थोडा फरक होता. कौल उलटं करून शिक्का पाहा. वेगळ्या कारखान्याची कौलं शेजारी लावली तर खाचा नीट बसत नाहीत आणि पाणी आत येतं. म्हणून पाडलेल्या घरांतून त्याच शिक्क्याची कौलं मिळतात का पाहा. सगळी मिळाली नाहीत तर जुनी जमवून पुढच्या पाख्यावर घाला आणि नवी सगळी मागच्या पाख्यावर. एकाच पाख्यावर मिसळू नका.

भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला तर टिकेल जास्त, मग चुना कशाला?

चिरा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पायाकडून ओल वर ओढतो आणि उन्हाळ्यात ती बाहेर सोडतो. चुन्याचा गिलावा ही ये-जा चालू देतो. सिमेंटचा दाट थर ती अडवतो. मग ओल भिंतीत आणखी वर चढते, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागे साठून स्फटिक होतात. ते फुगतात आणि चिऱ्याचा पृष्ठभाग भुगा होऊन सुटतो. काही वर्षांनी सिमेंट पडतं तेव्हा चिऱ्याचं तोंडही त्याच्याबरोबर येतं. टिकणारा गिलावा म्हणून भिंतच खर्ची पडते.

गिलावा सुरू होण्याआधी एक मीटर लांब-रुंद नमुना एका कोपऱ्यात करून घ्या, महिनाभर राहू द्या आणि नखाने ओरखडून पाहा. रंग राखाडीकडे झुकला तर सिमेंट मिसळलेलं आहे, काम थांबवून विचारा. चुना घाईला दाद देत नाही. प्रत्येक थर सुकू द्यावा लागतो, ऊन थेट लागू नये म्हणून गोणपाट टांगावं लागतं, हलकं पाणी मारावं लागतं, आणि आतून पूर्ण कडक व्हायला महिने जातात. वर रंग चुन्याचाच द्या. प्लॅस्टिक इमल्शन दिलं तर सिमेंटने केलं असतं तेच नुकसान पातळ थरात होतं.

गिलाव्याबरोबरच जमीन पाहा. घराभोवती भिंतीला चिकटून काँक्रीट किंवा पेव्हर घातले असतील तर भिंतीलगतची दीड-दोन फुटांची पट्टी उघडी करा. आतल्या जमिनीवर गुळगुळीत टाइल बसवल्यावर भिंतीच्या पायथ्याची ओल वाढली असं अनेक जण सांगतात. कारण तेच: जमिनीतून वर येणारी वाफ आता भिंतीकडे वळते.

राजांगणावर पारदर्शक शीट टाकावं का? पाऊस येतो, चोरांचीही भीती.

पूर्ण बंद करू नका. राजांगण घरातली तापलेली हवा वर सोडतं आणि भोवतालच्या खोल्यांना उजेड देतं. त्यावर पॉलिकार्बोनेट घट्ट बसवलं की दुपारी ऊन आत येतं आणि हवा बाहेर जात नाही. चारही बाजूंच्या खोल्या तापतात, दिवसा पंखे आणि मग एसी लागतात. सुरक्षेसाठी लोखंडी जाळी पुरते. पावसाचं झाकण हवंच असेल तर ते भोवतालच्या छपरापासून निदान दीड-दोन फूट वर उचलून घ्या, बाजू उघड्या ठेवा, आणि उन्हाळ्यात काढता येईल असं करा. खालच्या मोरीचा निचरा मात्र आधी मोकळा करून घ्या. बऱ्याच घरांत राजांगणाची तक्रार प्रत्यक्षात तुंबलेल्या मोरीची असते.

शिंपल्यांच्या खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या तर?

सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, म्हणजे वारा निम्मा. जुनी खिडकी पूर्ण उघडते, आणि शिंपल्यांतून उजेड येतो पण डोळ्यांवर येत नाही. खिडक्यांची फट मोठी वाटत असेल तर सुताराकडून चौकट सरळ करून घ्या, बिजागरं बदला, डास रोखायला आतून काढता येणारी जाळीची चौकट लावा. हे शिंपले ज्या जिवाचे त्याला आता वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे असलेले जपा, दुरुस्तीसाठी काढलेला प्रत्येक शिंपला मोजून डब्यात ठेवा.

वायरिंग जुनं, लाकडी पट्टीवरचं आहे. त्याचं काय?

हे काम पुढे ढकलू नका. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्या आणि त्याचा तपासणी अहवाल घ्या. नवं अर्थिंग, प्रत्येक भागाला वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ही कमीत कमी मागणी आहे. वायरसाठी चिऱ्याच्या भिंतीत खाचा मारू देऊ नका. मशीन लावलं की चिरा तुटतो आणि मागे सिमेंटने भरलेली पन्हळी उरते. पाइप तुळईच्या कडेने, दाराच्या चौकटीलगत, उघड्यावर न्या. नीट रेषेत नेला तर तो वाईट दिसत नाही.

एका खोलीत एसी हवाच आहे.

घ्या. म्हाताऱ्या माणसांना एप्रिल-मे सोसत नाही. सगळ्यात लहान, फळ्यांचं छत असलेली खोली निवडा. वरून हवा जात असेल तर एसी माळाच थंड करत बसेल. बाहेरचं युनिट जुन्या भिंतीवर टांगू नका, जमिनीवर चौथरा करून ठेवा. आणि निचऱ्याची नळी भिंतीच्या पायथ्याशी सोडू नका. ती झाडाच्या आळ्यात न्या.

कौलारू छपरावर सोलर बसेल का?

बसतं, पण कौलारू पाख्याची मी शेवटी शिफारस करतो. पॅनल आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला साधारण १५ ते २० किलो वजन वाढतं. त्याहून मोठा प्रश्न वाऱ्याने उचललं जाण्याचा. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात गोव्यात कौलं आणि झाडं कशी गेली ते अनेकांनी पाहिलं आहे. पॅनलचे पाय कौलांवर नव्हे तर वाशांना किंवा तुळयांना पकडलेले हवेत, आणि ते लाकूड तपासलेलं हवं. शिवाय पॅनल बसले की त्या भागातली कौलं परतता येत नाहीत. परसातली शेड, गाडीची शेड, न्हाणीघराचा स्लॅब आधी पाहा. एका किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर मोकळी जागा लागते. माडाची सावली दुपारी कुठे पडते ते जानेवारीत आणि मे महिन्यात, दोन्ही वेळा बघा. नारळ पडण्याचाही विचार करा.

पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान ठरलेलं आहे. अर्ज करताना एक अडचण गोव्यात वारंवार येते: मीटर दिवंगत आजोबांच्या नावावर. सोलरवाल्याला आगाऊ देण्याआधी वीज खात्यात नाव बदलून घ्या.

आम्ही मुंबईत राहतो. रोज देखरेख करता येत नाही. मग?

रोज येण्याची गरज नाही, पण जे काम झाकलं जाणार ते झाकण्याआधी पाहायलाच हवं. अशा पाच वेळा असतात. कौलं उतरवून वाशांची टोकं उघडी झाली तेव्हा. शीट आणि उभ्या पट्ट्या बसल्यावर. रिपा ठोकल्यावर, कौलं चढण्याआधी. तेव्हा प्रत्येक पाख्यावर खरं कौल ठेवून अंतर तपासायचं. जुना गिलावा खरवडून चिरा उघडा झाल्यावर. आणि छत बंद होण्याआधी वायरिंग पुरं झाल्यावर. करारात लिहा की या पाच ठिकाणी तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या लेखी होकाराशिवाय काम पुढे जाणार नाही, गेलं तर उघडून दाखवावं लागेल.

त्या पाच दिवशी तुम्ही स्वतः या, किंवा पगारी देखरेखकार पाठवा. भावोजी किंवा शेजारी यांच्यावर हे टाकू नका. ते प्रेमाने पाहतात, पण कंत्राटदाराला 'हे काढ' असं सांगायला संकोचतात, आणि काम बिघडलं तर नातं बिघडतं. बाकी दिवसांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर संध्याकाळचे ठरावीक ठिकाणांचे फोटो पुरे: तेच कोपरे, त्याच कोनातून. व्हिडिओ कॉलवर कंत्राटदाराऐवजी मेस्ताशी (सुताराशी) बोला. हातात करवत असलेला माणूस खरं सांगतो. फोनवर झालेला प्रत्येक बदल त्याच रात्री दोन ओळींत लिहून पाठवा आणि 'ठीक आहे' असं उत्तर घ्या.

काम कधी सुरू करावं?

पाऊस गेल्यावर कौलं सुकतात, म्हणजे दिवाळीनंतर. छप्पर उघडण्याचं काम फेब्रुवारीअखेर संपवा, मार्चमध्ये शिगम्याला (होळीच्या सणाला) मजूर गावी जातात. गिलावा थंडीत करा, कडक उन्हात चुना तडकतो. मे महिन्याच्या मध्यानंतर एकही पाखं उघडं नसावं, कारण वळवाची सर सांगून येत नाही. 'चवथीआधी करून देतो' हे वचन जूनमध्ये कुणी दिलं तर घेऊ नका. भर पावसात दिलेला गिलावा सुकत नाही.

वाळवीचा उपचार छप्पर उघडं असतानाच करून घ्या. नंतर वाशांच्या टोकांपर्यंत पोचता येत नाही.

काम बिघडलं आणि कंत्राटदार फोन उचलत नाही.

आधी तारीखवार फोटो आणि मापवही एकत्र करा. दुसऱ्या जाणकाराकडून दोष लेखी घ्या. मग नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवून दुरुस्तीला पंधरा दिवस द्या. तेवढ्यात तो आला नाही तर दुसऱ्याकडून करून घ्या आणि खर्च राखून ठेवलेल्या रकमेतून वळता करा. ही तरतूद करारात असायला हवी. मोठी रक्कम असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. दुरुस्ती होण्याआधी दोषाचे फोटो काढले नाहीत तर पुढे सिद्ध करणं कठीण जातं.

खर्च केला त्याचा उपयोग झाला हे कसं कळणार?

काम सुरू होण्याआधीची वर्षभराची बिलं काढून ठेवा आणि पैशांऐवजी युनिटची तुलना करा, त्याच महिन्याशी त्याच महिन्याची. तापमान आणि आर्द्रता दाखवणारी दोन साधी यंत्रं घ्या. एक झोपायच्या खोलीत, एक सोप्यावर सावलीत. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता आणि रात्री दहाला आकडे लिहा, कामाआधी आणि कामानंतर. रात्री दहाचा आकडा जास्त बोलका असतो, कारण कौलांनी दिवसभर साठवलेला उष्मा तेव्हा खोलीत उतरलेला असतो. पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन माळ्यावर चढा, जिथे थेंब दिसेल तिथे वाशावर खडूने खूण करा आणि फोटो कंत्राटदाराला त्याच दिवशी पाठवा.